बरोब्बर मध्यावर

माझ्या थोरल्या दिरांबद्दल मला वाईट लिहायचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं केसानं गळा कापला. माणूस गावात मानाचा. बांधावरून भांडण लागलं की यांना बोलावणं येतं. हे टेप घेऊन जातात, दोन्हीकडच्यांना दम देतात, खुंटी ठोकतात आणि चहा पिऊन घरी येतात. कोळवण खोऱ्यात त्यांनी ठोकलेली खुंटी कुणी हलवत नाही. अशा माणसाच्या घरच्यांचं काय होतं, ते मात्र कुणी विचारायला येत नाही.

आमचं घर म्हणजे एका आढ्याखालची दोन घरं. सासऱ्यांच्या मागं वाटणी झाली तेव्हा मावळतीकडची बाजू थोरल्यांना गेली, उगवतीकडची आम्हाला आली. मधे विटा-मातीची दीड हात जाड भिंत. ती दोघांची, अर्धी त्यांची, अर्धी आमची. छप्पर मात्र एकच राहिलं, मंगलोरी कौलांचं. दरवर्षी पावसाच्या तोंडाला दोघं भाऊ मिळून कौलं चाळायचे. सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, परत बसवायची. खालून कौलं हातात द्यायला मी आणि थोरल्या जाऊबाई. तेवढ्या दिवसात घरात भांडण म्हणून नसायचं, कारण सगळ्यांच्या तोंडात धूळ असायची.

आणखी एक सांगायला हवं. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. पदर सारखा करायचा आणि बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असलं तर नवऱ्याकरवी, नाहीतर जावेकरवी, आणि दोघंही घरात नसले तर मांजराला. ‘मने, जेवण झाकून ठेवलंय गं,’ असं म्हटलं की दीर उठून जेवायला बसायचे. तेही माझ्याशी असेच बोलणार, ‘तुझ्या मंडळीला म्हणावं’ करून, माझ्या नवऱ्याकडं बघून. मी अंगणवाडीची ताई. पोरांची वजनं भरली नाहीत की गावातल्या बापांना उभ्या उभ्या सोलून काढते. पण घरी आले की दिरांपुढं मुकी. हसू नका, अजून चालतं हे आमच्याकडं.

त्या वर्षी माझी लेक गरोदर होती. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत, आणि रीत नसती तरी मला ती हवीच होती. एकुलती एक पोर. हिंजवडीत नोकरीला, सासर कासारसाईला. विहीणबाईंनी जमीन विकून दोन मजली बंगला बांधलेला, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी स्लॅब यायचा. ‘आमच्याकडं स्लॅब हाय, उकडतं जरा.’ ‘आमच्याकडं स्लॅब हाय, उंदरं न्हाईत.’ मी ऐकून घ्यायची. मधल्या भिंतीलगतची आमची खोली मी लेकीसाठी ठरवून ठेवली होती. वारं लागत नाही, चूल जवळ, शेक द्यायला सोपं. त्या खोलीत लेक आणि तिचं बाळ निजलेलं मला बघायचं होतं. बाकी त्या वर्षी मला देवाकडं काही मागायचं नव्हतं.

वैशाखात एका दुपारी उगवतीकडनं काळं होऊन आलं आणि वळीव कोसळला. वारं असं की शेजारच्या फार्महाऊसचं हिरवं शेडनेट येऊन आमच्या फणसात अडकलं. मग गारा. त्या कौलांवर आदळायला लागल्या तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको धान्याच्या कोठीला टेकून बसलो होतो आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबलं तेव्हा अंगणात कौलांचा खच. आढ्यावरची कोनं, म्हणजे दोन्ही उतार झाकणारी टोपीकौलं, निम्मी उडालेली, दोन्ही घरांची.

नवरा फार्महाऊसवर गाडी चालवायला आहे. भला माणूस, पण त्याचा गुडघा गेलेला, आणि भावापुढं कणा गेलेला. म्हणून माळ्यावर मीच चढले. दिवसाउजेडी माळ्यावर निजून वर बघितलं की सगळं कळतं. जिथं उजेडाचा टिपका दिसतो तिथं भोक. पण गारेचं कपट वेगळं. गारेनं तडकलेलं कौल खालून साबूत दिसतं, वरूनही साबूत दिसतं. ते बोटाच्या पेरानं वाजवायचं. चांगलं असेल तर खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. आणि पाणी जिथं ठिबकतं तिथूनच ते आत आलेलं असतं असं मुळीच नाही. ते वर कुठंतरी शिरतं, वाशाच्या पोटाखालून चोरासारखं सरकत येतं आणि मन मानेल तिथं खाली पडतं. लोक ठिबकतं तिथलं कौल बदलतात आणि पावसाच्या नावानं बोटं मोडतात. मी एकेक कौल वाजवून काढलं. आमच्या बाजूची बदलायची कौलं पौडातनं आणवली आणि मनात म्हटलं, चला, दोन्ही भाऊ मिळून चाळणी करतील, मोकळं होऊ.

पण दिरांनी ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याला सांगितलं, ‘मी पत्रा टाकतुया. कौलाचा जमाना गेला. वानरं नाचत्याती, गारा पडत्याती, कोण दरसाल मरतंय?’

आता पत्रा टाकायला माझी ना नव्हती. त्यांची बाजू, त्यांची हौस. पण एका छपरात अर्धा पत्रा आणि अर्धी कौलं आली, की जिथं दोन्ही भेटतात तिथं एकानं दुसऱ्यावर चढायला लागतं. पत्रा वीतभर कौलांवर यायला हवा, नाहीतर मधे फट राहते आणि ती फट थेट भिंतीच्या डोक्यावर उघडते. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. डब्याचं झाकण डब्यापेक्षा मोठं असतं, एवढं कळलं की पुरे. पत्रा ठोकायला आलेला माणूस हिंदी बोलणारा, हिंजवडीकडून आलेला, घाईतला. तोही म्हणाला, ‘उधर थोड़ा चढ़ाना पड़ेगा, सेठ.’

मी जाऊबाईंकडं बघून म्हटलं, ‘बाई, त्यांना म्हणावं, वीतभर येऊ द्या आमच्यावर, आमची हरकत न्हाई.’

दीर उठून उभे राहिले. अंगणात शेजारची माणसं जमलेली, पत्र्याचं काम बघायला आलेली. एवढे कान मिळाल्यावर ते कशाला सोडतात. म्हणाले, ‘आज वीतभर पत्रा तुमच्यावर टाकला, उद्या तुमी म्हणाल, थोरल्यानं वीतभर जागा दाबली. आन तुमचं कौल माझ्या पत्र्याखाली आलं, तर माझी पोरं गप बसतील व्हय? मी साऱ्या खोऱ्याच्या हद्दी ठरवतो. माझ्या घरात गडबड चालायची न्हाई. मध्य तो मध्य. बोटभर हिकडं न्हाई, बोटभर तिकडं न्हाई.’

माणसांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, न्याय म्हंजी न्याय. मग टेप निघाली. भिंतीची जाडी मोजली, मध्यावर दोरी धरली, त्या दोरीवर पत्रा कापला. आमच्या कौलांची शेवटची ओळ दोरीच्या पलीकडं जात होती, ती कटरनं कापून काढली. अर्धवट कापलेल्या कौलाला कड राहत नाही, त्याच्यावरचं पाणी बाजूनं घरंगळतं. म्हणजे आमचं पाणी त्या फटीत, वरून येणारा पाऊस त्या फटीत, आणि फटीखाली मातीची भिंत. बांध ठरवणाऱ्यानं छपराला बांध घातला होता. मी नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, ‘दादा म्हणतुया तर आसंल.’ त्या माणसाशी मी तीन दिवस बोलले नाही, पण त्याला ते कळलं की नाही याची शंका आहे.

पाऊस लागला. मुळशीचा पाऊस काय असतो ते सांगत बसत नाही, इथं भातखाचरातली बेडकंसुद्धा कंटाळतात. आठवड्याभरात आमच्या खोलीच्या भिंतीवर वरून खाली एक काळपट पट्टा उतरला. हात लावला तर गार. मग ओला. मग गिलाव्याचा पोपडा हातात. मी फटीत प्लास्टिक कोंबलं, ते वाऱ्यानं ओढून काढलं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स आणून टाकला, तर दिरांनी नवऱ्याला सांगितलं, फ्लेक्स बोटभर माझ्या पत्र्यावर येतोय. म्हणजे काय बोलायचं या माणसाला.

आणि त्यातच विहीणबाई खोली बघायला आल्या. सून पाठवायच्या आधी घर बघून जाते म्हणाल्या. मी काय केलं, भिंतीपुढं कपाट सरकवलं. उदबत्ती लावली, स्वच्छ चादर घातली, चहाबरोबर भाजणीची थालीपीठं केली. विहीणबाईंनी खोली बघितली, खिडकी बघितली, मोरी बघितली. म्हणाल्या, ‘बरी हाय. श्रावण लागला की आणून सोडते पोरीला.’ मला हायसं वाटलं. त्यांना पोचवायला मी ओट्यापर्यंत आले.

दीर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. विहीणबाईंना रामराम घालून म्हणाले, ‘पावणं, उन्हाळ्यात यायचं व्हतं बघा. वळवानं वाट लावली समदी. ती मधली भिंत पार वली झालीया. तितंच बाळंतिणीची खाट टाकणार हायेत म्हणं. कवा बसंल भिंत, सांगता येत न्हाई. पोर आमची बी हाय, म्हणून काळजी वाटती.’

वळवानं वाट लावली म्हणे. वळवानं!

विहीणबाई उलट्या पावली आत गेल्या. कपाट स्वतः ढकललं. भिंतीवर तळहात ठेवला, तो मातीनं भरून आला. तो हात माझ्यापुढं धरून म्हणाल्या, ‘हे काय वो, विहीणबाई? माझ्या नातवाला हितं निजवनार व्हता?’ कपाट मीच सरकवलेलं. ‘ऱ्हाऊ द्या पोर आमच्याकडं. आमच्याकडं स्लॅब हाय.’ हात धुऊन, गाडीत बसून गेल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन. ‘आई, भिंत पडणार आहे का? आता मला नाही ना येता येणार?’ आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, पोटातल्याला कळतं. फोन ठेवला आणि चुलीपुढं बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. भिंत यांनी भिजवली, फट यांनी ठेवली, आणि काळजीही यांनाच वाटली. मी पलीकडच्या घराकडं तोंड करून दहाही बोटं कडाकडा मोडली. पण बोटं मोडून कुणाचं छप्पर गळत नाही, हे मला माळ्यावर चढून चांगलं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. मी परत माळ्यावर गेले, आमच्या बाजूची चार कौलं काढली आणि भिंतीच्या डोक्यावर निवांत बघत बसले. पाऊस येतो मावळतीकडून. त्यांच्या पत्र्यावरून सपकारे मारत येतो आणि फटीत शिरतो. भिंतीच्या डोक्यावर दोरीची खूण अजून होती, चुन्याची पांढरी रेघ. बरोब्बर मध्यावर. ती रेघ बघितली आणि मला हसू आलं. म्हटलं, अर्धी भिंत तुमची ना? मग घ्या तुमच्या अर्ध्या भिंतीचं पाणी तुमच्याकडं.

कोळवणातनं गॅल्व्हनाईज पत्र्याची पट्टी आणली. काटकोनात वाकवून घेतली. एक अंग आमच्या कौलांखाली आडवं सरकवलं आणि दुसरं त्या चुन्याच्या रेघेवर उभं केलं, हातभर उंच. बुडाला सिमेंट भरलं. रेघेच्या पलीकडं केसभरही नाही. नवऱ्यानं खाली शिडी धरली होती. त्यानं विचारलं, काय करतीयास? म्हटलं, गळती काढतीय. खोटं नव्हतं. आमच्या कौलांचं पाणी त्या पट्टीला अडून आमच्याच उतारानं खाली जाणार. आणि मावळतीचा सगळा पाऊस त्या उभ्या पट्टीवर येऊन थडकणार आणि सरळ खाली, त्यांच्या अर्ध्या भिंतीत. आधी जे दोघांत वाटलं जात होतं ते आता एकाच्याच वाट्याला.

मातीच्या भिंतीला वाटणी कळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. एक अंग भिजलं तर दुसरंही बसू शकतं. म्हणून आमच्या बाजूच्या वाशांना भिंतीपासून हातभर अंतरावर सागाचे टेकू दिले, चांगले ठोकून. सूड घ्यायचा तर डोकं जाग्यावर ठेवून घ्यावा. आपल्याच अंगावर भिंत पाडून घेणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

आषाढ लागला. आमची भिंत हळूहळू सुकायला लागली. मी रोज सकाळी उठून तिला हात लावायची. कधी कधी अंगणवाडीतून आल्या आल्या, चपला काढायच्या आधी. आणि भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. आधी पातेलं ठेवल्याचा. मग टीव्हीचं कपाट सरकवल्याचा. मग दीर जाऊबाईंवर ओरडल्याचा. त्या भिंतीवर दिरांच्या सत्काराचे फोटो लावलेले होते, शाल-श्रीफळासकट. एक दिवस जाऊबाई ते फोटो ओट्यावर पुसत बसल्या होत्या, काचेच्या आत पाणी शिरलेलं. मी मांजराला म्हटलं, ‘मने, वळवानं लई वाट लावली गं.’ लेकी बोले सुने लागे. जाऊबाईंनी ऐकलं आणि पुढचा फोटो पुसायला घेतला. मला सांगायला लाज वाटत नाही, तो दिवस माझा फार छान गेला.

दीर दोनदा शिडी लावून वर गेले. पट्टी बघितली. टेपही नेली होती, ते मी खिडकीतून बघितलं. मोजा, म्हटलं, खुशाल मोजा. मोजून खाली आले आणि टेप गुंडाळून घरात गेले. पट्टी रेघेवर होती. ती उपटायची तर माझ्या हद्दीत हात घालायला लागणार, आणि फट झाकायची तर पत्रा माझ्यावर आणायला लागणार. दोन्हीला त्यांच्याच तोंडचं वाक्य आडवं येत होतं, आणि ते वाक्य अर्ध्या आळीनं ऐकलेलं होतं. मग त्यांच्या बाजूनं भिंतीनं पोट काढलं. गिलावा फुगून पुढं आला.

तेव्हा ते आमच्या ओट्यावर आले. मागं जाऊबाई. नवरा उठून उभा राहिला. मी दाराच्या आत, पदर घेऊन.

दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘तुझ्या मंडळीला म्हणावं, ती पट्टी काढ.’

मी दाराच्या बाहेर आले. पदर डोक्यावर तसाच ठेवला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडं बघून म्हटलं, ‘मला सांगा की. मी हितंच हाय.’

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. नवरा खांबाकडं बघायला लागला. दिरांचा चेहरा असा झाला की जणू मांजरच उलटून बोललं. ज्या माणसापुढं दोन्हीकडचे भांडखोर चिडीचूप होतात, तो घसा खाकरून म्हणाला, ‘पट्टी काढा.’

‘कशापायी? मध्यावर हाय का न्हाई?’

‘हाय.’

‘मग? बोटभर हिकडं न्हाई, बोटभर तिकडं न्हाई.’

‘भिंत बसंल. तुमची बी बसंल.’

‘माझ्या वाशांना टेकू हायेत. तुमच्याला हायेत का बघा.’

ते खाली बसले. ओट्याच्या कडेवर, जिथं भाजीवाली बसते तिथं. म्हणाले, ‘वीतभर पत्रा तुमच्यावर टाकतो. फट झाकून घेऊ. माझी हरकत न्हाई.’

‘हरकत माझी हाय,’ मी म्हटलं. ‘जागा माझी हाय. वीतभर देते, पर आधी तुमी कासारसाईला जायाचं. ज्या तोंडानं भिंत वली हाय म्हणून सांगितलं, त्याच तोंडानं भिंत कोरडी हाय म्हणून सांगायचं. आन माझ्या पोरीला घेऊन यायचं. तुमी सोता. दुसऱ्या कुणाला पाठवायचं न्हाई.’

‘मी? त्यांच्या दारात?’

‘त्यांनी हात माझ्यापुढं धरला व्हता. तुमच्यापुढं काय धरत्यात ते बघून या.’

जाऊबाई मधे पडल्या, पोरीसाठी तरी जा म्हणाल्या. दिरांनी मान खाली घातली. पण सौदा करणारा माणूस तो, रिकाम्या हातानं उठणार कसा. म्हणाले, ‘जातो. आणतो. पर यातलं पोरीच्या कानावर काय जायाला नको. मला चुलता म्हणून मान देती ती. शब्द द्या.’

मला घाई झाली होती. पोर घरी यायची घाई. म्हटलं, ‘माझ्या तोंडून एक शब्द जाणार न्हाई.’

ते खरोखर गेले. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, टोपी घालून, भाड्याच्या जीपनं. विहीणबाईंनी त्यांना मस्त ताटकळत ठेवलं, हे मला नंतर खुद्द विहीणबाईंनीच सांगितलं. आधी पूजा उरकली, मग स्लॅब दाखवला, वरचा मजला दाखवला, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा दाखवली. मग खाली बसवून विचारलं, तुमी तर म्हणला व्हता भिंत बसंल? ‘तुमचे दीर लई वेळ हात जोडून बसले व्हते,’ असं त्या म्हणाल्या. मी ते वाक्य त्यांना परत म्हणायला लावलं, नीट ऐकू आलं नाही असं दाखवून.

दुपारी जीप आली. लेक पुढच्या सीटवर, आणि दीर मागून तिची बॅग घेऊन उतरले. अंगण ओलांडून बॅग माझ्या ओट्यावर आणून ठेवली. समोरची आळी बघत होती. माझ्या जिवाला थंडावा मिळाला. दुसऱ्या दिवशी पत्र्यावाला आला आणि वीतभर पत्रा आमच्या कौलांवर चढवून गेला. पट्टीचं उभं अंग मी आमच्या कौलांवर आडवं वाकवलं आणि पट्टी तिथंच ठेवली आहे, पत्र्याखाली. अडचण होत नाही तिची.

गौरी-गणपतीच्या सुमारास लेक बाळंत झाली. मुलगी. पौडाच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, त्याच खोलीत खाट टाकली. बाहेर धो धो पाऊस, आत शेगडीवर ओवा, आणि भिंत कोरडी ठणठणीत. मला जे हवं होतं ते मला मिळालं. गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते.

पण माझी लेक. आल्या दिवशी ती आधी वाकून पाया पडली ती काकांच्या. माझ्याआधी. येईल जाईल त्याला सांगायची, काका स्वतः न्यायला आले, सासूबाई ऐकत नव्हत्या, काकांनी हात जोडले, माझ्यासाठी. बायका डोळ्याला पदर लावायच्या. गावात बोललं जाऊ लागलं, माणूस असावा तर असा, भाऊबंदकी कुठली आणि काय, पुतणीसाठी सोयऱ्याच्या दारात गेला. बारशाला दिरांना पाटावर बसवून टोपी-उपरणं दिलं. दिलं कुणी, तर माझ्या नवऱ्यानं. दिरांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि चार माणसांत म्हणाले, ‘लेकीसारखी हाय मला.’ माझ्याकडं एकदा बघितलं. मी ताटं वाढत होते.

एक दिवस बाळाला पायावर घेऊन मी न्हाऊ घालत होते. लेक खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, ‘आई, तू काकांशी जरा नीट वाग ना. कसं तोडून बोलतेस. तू तेव्हा नुसतं रडू नको म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुला यावंसं वाटलं नाही मला न्यायला. त्यांना वाटलं.’

बाळाच्या डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून मी हात आडवा धरला. शब्द दिला होता. पाणी घातलं, पुसलं, धुरी दिली, तिच्याजवळ दिलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, बाळाकडं बघत राहिली. ते जे लागलं ना मला, ते दिरांनी केलेल्या कशानंही लागलं नव्हतं. सव्वा महिन्यानं ती सासरी गेली, तेव्हाही तिच्या मनात तेच होतं. अजून आहे. फोनवर आधी काका कसे आहेत विचारते.

मी शब्द मोडलेला नाही. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही असं म्हटलं होतं, आणि तोंडून एक शब्द गेलेला नाही. साऱ्या खोऱ्याच्या हद्दी ठरवणाऱ्या माणसानं माझा शब्द मोजून घ्यायला हवा होता. लिहिण्याबद्दल त्यांनी काही काढलं नाही, मीही काढलं नाही. लेक शनिवारी येणार आहे, बाळाला घेऊन. आली की तिला चहा देईन, बाळ माझ्याकडं घेईन आणि हे कागद तिच्या हातात ठेवीन.